आधी जोड, मग पत्रा: धातूच्या छपरांच्या रचनाशास्त्राची प्रस्तावना

महाराष्ट्रात आज घर, गोठा, शाळा, गोदाम, कारखाना, मंगल कार्यालय, काहीही बांधायचे ठरले की छपराचा प्रश्न बहुतेक वेळा एकाच शब्दात सुटतो: पत्रा. स्लॅब गळू लागला तरी उपाय तोच, गच्चीवर लोखंडी सांगाडा उभा करून पत्रे टाकायचे. कौले शाकारणारी माणसे मिळेनाशी झाली, चांगले लाकूड परवडेना, माकडे कौले टिकू देईनात, आणि कोकणातल्या कितीतरी घरांवर मंगळुरी कौलांच्या जागी रंगीत पत्रा चढला. इतक्या लोकांच्या डोक्यावर असलेल्या या छपराचे शास्त्र विद्यार्थ्याला, तरुण अभियंत्याला आणि कामाची आवड असलेल्या फॅब्रिकेटरला मराठीतून सलग समजावे, यासाठी हे पुस्तक लिहिले आहे.

या शास्त्राचा गाभा एका वाक्यात सांगता येतो. पत्रा सहसा गळत नाही, जोड गळतो. कारखान्यातून आलेल्या अखंड पत्र्यातून पाण्याचा थेंबही जात नाही. पाणी शिरते ते दोन पत्रे जिथे एकमेकांवर येतात तिथून, स्क्रूच्या भोकातून, पत्रा भिंतीला भिडतो त्या रेषेतून, पन्हळीच्या काठावरून. वाऱ्याने छप्पर उडते तेव्हाही बहुतेक वेळा पत्रा फाटण्याआधी त्याची पकड सुटलेली असते. तरीही आपल्याकडे चर्चा होते ती पत्र्याच्या जाडीची, रंगाची आणि दराची. नकाशात कैचीचे माप असते, पर्लिनचे, म्हणजे पत्रा ज्यांवर बसतो त्या आडव्या दांड्यांचे, अंतर असते, आणि छपराच्या जागी एक रेघ असते. त्या एका रेघेत दडलेले सगळे जोड कोण ठरवणार, याचे उत्तर कागदावर नसल्यामुळे ते पावसाळ्याच्या तोंडावर, शिडीवर उभ्या असलेल्या कामगाराला द्यावे लागते. ही जबाबदारी पुन्हा रचनाकाराच्या टेबलावर आणणे हा या पुस्तकाचा हेतू आहे.

या विषयाचा इतिहास फार जुना नाही. लंडनच्या गोदीत काम करणारे अभियंते हेन्री रॉबिन्सन पामर यांनी १८२९ मध्ये पन्हळी पत्र्याचे पेटंट घेतले. कल्पना साधी आणि विलक्षण होती. अर्धा मिलिमीटर जाडीचा सपाट पत्रा स्वतःच्या वजनानेही लवतो. त्यालाच तीस मिलिमीटर खोल घड्या घातल्या की घडीच्या लांबीच्या दिशेने तो हजारो पट ताठर होतो. धातू जवळपास तेवढाच राहतो, फक्त तो मध्यरेषेपासून दूर नेलेला असतो. पण लोखंड गंजते, आणि पातळ लोखंड लवकर संपते. फ्रान्समध्ये स्तानिस्लास सोरेल यांनी १८३७ मध्ये वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवून त्याला लेप देण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले, आणि हा पत्रा समुद्र ओलांडून जगभर गेला. आसाम आणि मेघालयाच्या डोंगरांत १८९७ च्या मोठ्या भूकंपानंतर हलक्या भिंतींची, पत्र्याच्या छपराची घरे रुळली, कारण भूकंपात जड छप्पर माणसाच्या जिवावर उठते. हलकेपणा हा या छपराचा मोठा गुण आहे, आणि वाऱ्यापुढे तीच त्याची मोठी अडचण आहे.

हे थोडे आकडे घालून पाहू. वाऱ्याच्या भारासाठीचे भारतीय मानक आयएस ८७५, भाग ३ मुंबईसाठी मूलभूत वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर आणि पुण्यासाठी ३९ मीटर धरते. वेगाच्या वर्गाला ०.६ ने गुणले की दर चौरस मीटरवरचा दाब न्यूटनमध्ये मिळतो. मुंबईसाठी तो सुमारे ११६० न्यूटन, म्हणजे जवळपास ११८ किलो वजनाइतका भरतो. इमारतीची उंची, भोवतालचा परिसर आणि छपराचा उतार यांचे गुणांक पुढे लावायचे असतात, पण अंदाजासाठी एवढे पुरे. अर्धा मिलिमीटर पत्र्याचे स्वतःचे वजन चौरस मीटरला पाच किलोच्या आसपास असते. वारा छपरावरून जाताना त्याला खाली दाबण्यापेक्षा वर ओढतो, आणि हे शोषण कडांना, कोपऱ्यांना आणि आढ्याजवळ सर्वांत तीव्र असते. गावोगावी पत्र्यावर दगड ठेवलेले दिसतात. त्यामागची समज बरोबर आहे, छप्पर वर उचलले जाते हे त्या माणसाने ओळखलेले असते. पण दहा किलोचा दगड शंभर किलोच्या ओढीपुढे टिकत नाही, आणि वादळात तोच दगड खाली कोसळतो.

आता याच गणितात स्क्रू आणू. पर्लिनमधले अंतर १.४ मीटर आणि दोन स्क्रूंमधले अंतर ३०० मिलिमीटर असेल, तर एका स्क्रूच्या वाट्याला ०.४२ चौरस मीटर पत्रा, म्हणजे सुमारे ५० किलोची ओढ येते. घाईत एक सोडून एक स्क्रू मारला तर ती शंभर किलो होते. छपराच्या कोपऱ्यात ती याहूनही वाढते. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा शाळांची, घरांची, गोठ्यांची छपरे मोठ्या संख्येने गेली. अशा वादळात वाऱ्याच्या बाजूचा दरवाजा किंवा शटर तुटले की वारा आत घुसून छपराला खालून ढकलतो, वरून शोषण चालूच असते, आणि दोन्हींची बेरीज त्या स्क्रूवर येते. म्हणून शेडचे शटर किती मजबूत आहे हाही छपराच्या रचनेचाच प्रश्न आहे.

ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहराने या विषयाला आणखी एक धडा दिला. १९७४ च्या नाताळच्या रात्री ट्रेसी चक्रीवादळाने शहरातली बहुतेक घरे मोडली. तोवर पत्र्याच्या पकडीची चाचणी एकदाच, स्थिर भार लावून होत असे, आणि त्या चाचणीत पकड उत्तीर्ण होत असे. प्रत्यक्ष वादळात झोत येत राहिले, पत्रा हजारो वेळा वर-खाली लवला, स्क्रूच्या डोक्याभोवती बारीक तडे गेले आणि शेवटी पत्रा स्क्रूवरून उपसून निघाला. स्क्रू मात्र पर्लिनमध्ये तसेच राहिले. त्यानंतर पुन्हा पुन्हा भार लावून चाचणी घेण्याची पद्धत रूढ झाली, आणि १९७७ मध्ये टाउन्सव्हिलच्या जेम्स कुक विद्यापीठात चक्रीवादळ चाचणी केंद्र उभे राहिले. धातूचा थकवा हा विमानांइतकाच छपरांचाही विषय आहे, हे तेव्हापासून सर्वमान्य झाले.

पाण्याचा विचार करताना विद्यार्थी बहुधा एकच बळ धरतो, गुरुत्वाकर्षण. उतार दिला की पाणी खाली जाईल, असे त्याला वाटते. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर किंवा कोकणपट्टीत आषाढाची झड पाहिली की हा समज टिकत नाही. वारा पाण्याला उताराच्या उलट चढवतो. छपराच्या आतबाहेरच्या हवेच्या दाबातला फरक पाण्याला फटीतून आत खेचतो. दोन पत्रे अगदी चिकटून बसले तर त्यांच्यामधल्या बारीक फटीतून केशाकर्षणाने पाणी वर सरकते. म्हणूनच चांगल्या पत्र्याच्या कडेच्या घडीत एक लहानशी खाच ठेवलेली असते. तिथे फट रुंदावते आणि पाण्याची चढण थांबते. पृष्ठताणामुळे पाणी वळचणीच्या कडेवरून सुटून खाली न पडता पत्र्याच्या पोटाला धरून मागे येते आणि भिंत ओली करते. यावरचा उपाय बिनखर्ची आहे. पन्हळीकडच्या टोकाला पत्र्याच्या सखल पट्ट्या पक्कडीने थोड्या खाली वाकवायच्या आणि आढ्याकडच्या टोकाला वर वाकवायच्या. खालच्या टोकाला थेंब सुटतो, वरच्या टोकाला झडीचे पाणी अडते. दोन मिनिटांच्या या कामाने जे साधते ते सिलिकॉनच्या दहा नळ्यांनी साधत नाही.

इथे या पुस्तकाचे दुसरे सूत्र येते: पाणी अडवण्यापेक्षा त्याला जायला वाट द्या. सिलिकॉन, डांबर, टेप यांना पुस्तकात जागा आहे, पण ती दुसऱ्या फळीची. पहिली फळी भूमितीची. स्क्रू घडीच्या माथ्यावर बसवला तर भोक वाहत्या पाण्याच्या वर राहते. पत्रे घालायला वाऱ्याच्या उलट टोकाकडून, म्हणजे आपल्याकडे बहुधा ईशान्येच्या बाजूने, सुरुवात केली तर कडेच्या लॅपचे, म्हणजे एकावर एक आलेल्या पत्र्यांच्या जोडाचे, तोंड नैर्ऋत्येच्या पावसाकडे येत नाही. उतार कमी असेल तर टोकाचा लॅप वाढवावा, आणि शक्य असेल तिथे आढ्यापासून वळचणीपर्यंत एकसंध पत्रा घेऊन तो लॅपच टाळावा. दोन छपरांमधली पन्हळ तर वेगळ्या प्रकरणाची मानकरी आहे. छपराच्या ३० मीटर लांब आणि २० मीटर रुंद अशा एका बाजूवर तासाला १५० मिलिमीटर वेगाने पाऊस पडला तर पन्हळीत दर सेकंदाला २५ लिटर पाणी येते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. अशा पावसात पन्हळ कधीतरी तुंबणारच, हे गृहीत धरावे आणि तुंबलेले पाणी इमारतीत न येता बाहेर सांडेल अशी वाट आधीच ठेवावी.

ऊन आणि गंज यांच्याकडे घाईत दुर्लक्ष होते, कारण त्यांचे परिणाम उशिरा दिसतात. तीस मीटर लांबीचा पोलादी पत्रा पन्नास अंशांच्या फरकाने सुमारे १८ मिलिमीटर लांबतो, अ‍ॅल्युमिनियमचा जवळपास दुप्पट. दोन्ही टोके आवळून टाकली तर हे वाढणे स्क्रूच्या भोकांवर जाते, भोके लांबट होतात, रबरी वॉशर फाटतो आणि पाचव्या-सहाव्या पावसाळ्यात गळती सुरू होते. म्हणून लांब छपरांवर पत्रा एका जागी पक्का धरायचा आणि बाकी लांबीवर क्लिपांवर सरकू द्यायचा. हिवाळ्यात नाशिक-पुण्याकडे पहाटे पत्र्याच्या पोटाला दव धरते आणि थेंब खाली पडतात. मालक त्यालाच गळती समजून वरून डांबर लावत राहतो, तर खरे दुखणे उष्णतारोधक थर आणि वायुवीजन यांच्या अभावात असते.

गंजाचे गणित आणखी बारीक आहे. चौरस मीटरला २७५ ग्रॅम जस्ताचा लेप हा चांगला लेप समजला जातो. हे वजन दोन्ही बाजू मिळून असते, आणि त्याची जाडी एका बाजूला साधारण २० मायक्रॉन भरते. १९७२ मध्ये बेथलेहेम स्टील या अमेरिकी कंपनीने बाजारात आणलेल्या लेपात वजनाने ५५ टक्के अ‍ॅल्युमिनियम असते, उरलेले बहुतांश जस्त. तो साध्या जस्तापेक्षा पुष्कळ टिकतो, पण ओल्या सिमेंटचा स्पर्श आणि गोठ्यातली अमोनियाची हवा त्याला मानवत नाही. छपरावर ग्राइंडरने पत्रा कापला तर ठिणग्या रंग आणि लेप जाळतात. भोके पाडताना उडालेला लोखंडी चुरा झाडून काढला नाही तर पहिल्याच पावसात तांबूस डाग उमटतात. किनाऱ्यावर तर एक अनपेक्षित गोष्ट दिसते. उघड्या छपरापेक्षा वळचणीच्या आतली, पावसाच्या पाण्याने कधीच न धुतली जाणारी बाजू आधी गंजते, कारण तिथे मीठ साचत राहते. मालवण किंवा अलिबागच्या घरमालकाला वर्षातून दोनदा ती बाजू गोड्या पाण्याने धुवायला सांगणे हा अभियंत्याच्या सल्ल्याचाच भाग आहे.

पुस्तकाची मांडणी या चार विषयांभोवती आहे: पाणी, वारा, तापमान आणि गंज. त्यानंतर आढे, वळचण, पन्हळ, भिंतीचा सांधा, धुराडे आणि पाइप यांची स्वतंत्र प्रकरणे येतात. शेवटी सौर पॅनेलचा विचार केला आहे, कारण वीस-पंचवीस वर्षे चालणारे पॅनेल दहा वर्षांत गंजणाऱ्या पत्र्यावर बसवणे म्हणजे दोन खर्च एकमेकांत अडकवणे. गणित येते तिथे बारावीच्या भौतिकशास्त्रापलीकडचे काही लागणार नाही. जे शब्द कामावर चालतात तेच इथे ठेवले आहेत, म्हणजे पुस्तक वाचणारा आणि पत्रा बसवणारा एकमेकांशी बोलू शकतील. मेस्त्रीच्या हाताला बऱ्याच गोष्टी आधीपासून कळलेल्या असतात. त्यामागची कारणे त्याला आणि आपल्याला दोघांनाही माहीत असली की तो हात कुठे बरोबर आहे आणि कुठे सवयीने चुकतो, हे एकत्र ठरवता येते.

वाचकाला एक विनंती आहे. पहिले प्रकरण वाचून झाल्यावर ओळखीच्या एखाद्या पत्र्याच्या इमारतीचे चार छेद १:५ प्रमाणात काढून पाहा: आढे, वळचण, पन्हळ आणि भिंतीचा सांधा. प्रत्येक छेदात पाण्याचा थेंब कुठून येतो, कुठे जातो आणि वारा कुठे खेचतो, हे बाणांनी दाखवा. जिथे बाण अडेल किंवा कसा काढावा हे कळणार नाही, ते प्रकरण पुस्तकात शोधा आणि तिथून वाचायला लागा. पुढे स्वतःचे काम हाती आले की पत्र्याची ऑर्डर देण्यापूर्वी हेच चार छेद काढून साइटवर द्या. पावसाळा कोणत्या जोडाची परीक्षा घेणार आहे हे ज्याने आधी कागदावर पाहिले, त्याचे छप्पर बहुतेक ती परीक्षा पार करते.