खाडीपाशी थांबणारा रस्ता

सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री ही नावं आपण भूगोलाच्या तासाला पाठ केली. रेवस ते रेडी सायकलवर जाताना कळतं, की कोकण किनाऱ्याचा इतिहास याच नद्यांच्या खाड्यांनी घडवला.

पूर्वी किनाऱ्यावरची बंदरं मुंबईच्या बोटींनी जोडलेली होती. बोटी बंद पडल्या. मुंबई–गोवा महामार्ग आतून गेलेला. आपण शाळेत असताना, 1998 मध्ये, पूर्ण झालेली कोकण रेल्वेही आतूनच. पलीकडचं गाव समोर दिसायचं, पण गाडीरस्त्याने लांबचा वळसा पडायचा. बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळापासून चर्चेत असलेला सागरी महामार्ग खाड्यांपाशीच अडला.

ही अडचण फेरीबोटींनी सोडवली. वेसवी–बागमांडला, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड: माणसं, मोटारी, माझी सायकल, सगळे एकाच बोटीत.

आता खाड्यांवर पूल व्हायचे आहेत. रात्री आजारी माणसाला घेऊन निघालेल्याला पूल हवाच, यात वाद नाही. पण पुलांमागोमाग भरधाव वाहनं येतील. त्यांच्याबरोबर सायकलीसाठी वेगळी कड आखायला हवी आणि जेट्ट्याही राखायला हव्यात.

तोवर, मंडळी, एकदा जाऊन याच. चढ दमवतात, पण चाळिशीतल्या गुडघ्यांना बोटीत विश्रांती मिळते.