डेबियनची पॅकेज-सूची : यंत्रवाचनीय नोंदीचा इतिहास व मर्यादा

प्रस्तावना :
तालिकेविना ग्रंथसंग्रह म्हणजे केवळ पुस्तकांचा ढीग होय. मुक्त सॉफ्टवेअरच्या संग्रहालाही हेच तत्त्व लागू पडते. इयान मर्डॉक यांनी ऑगस्ट १९९३ मध्ये घोषित केलेल्या डेबियन प्रकल्पाच्या पॅकेज-सूचीचा विकास व तिच्या मर्यादा यांचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

सूचीचे स्वरूप :
डेबियनचे काम जगभर विखुरलेल्या स्वयंसेवकांवर चालते. त्यांनी सिद्ध केलेल्या पॅकेजांची एकत्रित नोंद ‘पॅकेजेस’ या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये प्रसिद्ध होते. पॅकेजचे नाव, आवृत्ती, देखभालकर्ता, अन्य पॅकेजांवरील अवलंबित्व व वर्णन यांसाठी त्यात स्वतंत्र रकाने असतात. रकान्याच्या नावापुढे अपूर्णविराम देऊन माहिती लिहिली जाते आणि दोन नोंदींमध्ये कोरी ओळ सोडली जाते. ही रचना ई-मेलच्या शीर्षभागासारखी असल्याने तीच सूची माणसाला व यंत्रालाही वाचता येते.

विस्तार :
जून १९९६ मधील १.१ या आवृत्तीत ४७४ पॅकेजे होती. मार्च १९९९ मधील २.१ मध्ये ती सुमारे २२५० झाली. त्याच आवृत्तीत ‘ॲप्ट’ हे साधन समाविष्ट झाले. एक पॅकेज मागितले असता ‘ॲप्ट’ सूचीतील अवलंबित्वाचा रकाना वाचून आवश्यक ती इतर पॅकेजेही आणते. अशा रीतीने वर्णनासाठी असलेली सूची प्रत्यक्ष कार्याचा आधार बनली.

विश्वासार्हतेचा प्रश्न :
सूचीवर यंत्रे विसंबू लागताच तिच्यात कोणी फेरफार केल्यास काय, हा प्रश्न गंभीर झाला. सूचीत प्रत्येक पॅकेजची पडताळणी-संख्या असते, सूचीची स्वतःची पडताळणी-संख्या ‘रिलीज’ फाइलमध्ये असते आणि त्या फाइलवर अंकीय स्वाक्षरी केली जाते. एप्रिल २००७ मधील ४.० या आवृत्तीपासून ‘ॲप्ट’ ही स्वाक्षरी तपासू लागले.

निष्कर्ष :
मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या संक्षेपण-साधनात मूळ प्रकल्पातील विश्वासू सहकाऱ्याच्या नावाने हेतुपुरस्सर चोरवाट घातल्याचे उघडकीस आले. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत ती पोहोचली नव्हती. चाचणी व अस्थिर शाखांत मात्र शिरली होती. सदोष आवृत्तीचा क्रमांक कळताच कोणते संगणक बाधित आहेत हे नोंदींवरून ठरवता आले. परंतु त्याच नोंदींना ती चोरवाट दिसली नव्हती. सूची वस्तूची ओळख पटविते, कर्त्याच्या हेतूची ग्वाही देत नाही. ती जबाबदारी अखेर माणसांवरच राहते, असे या इतिहासावरून दिसून येते.