जुने यंत्र, नवे जाळे आणि मधला दुभाषी

माळव्याच्या पठारावरील धार आणि देवास ही नावे मराठी माणसाला परकी नाहीत. अठराव्या शतकात पवारांच्या घोड्यांबरोबर मराठी भाषा तेथे पोहोचली आणि मोडी लिपीतील दप्तरांत स्थिरावली. त्यांतही देवासची गोष्ट विलक्षण होती. तुकोजी आणि जिवाजी या भावांच्या वंशांत ते संस्थान विभागले गेले आणि थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन राज्ये एकाच शहरात नांदू लागली. शहर एक, पण राजे दोन, कचेऱ्या दोन. १९४८ साली दोन्ही संस्थाने मध्य भारतात विलीन होईपर्यंत हा संसार चालला.

आज ज्या विषयासंबंधी बोलावयाचे आहे, तो पाहिला की या दोन पातींची आठवण होते. १९८० नंतरच्या दशकातील घरगुती संगणक आजही कोठे कोठे चालू स्थितीत आहेत, आणि ते आजच्या इंटरनेटला जोडण्याचा खटाटोप करणारे हौशी लोकही पुष्कळ आहेत. जुने यंत्र आणि नवे जाळे एकाच घरात, एकाच मेजावर असतात. परंतु दोघांचे कायदे निराळे, भाषा निराळी. या दोन पातींमध्ये दळणवळण व्हावे कसे?

प्रथम त्या यंत्राची ओळख करून घेऊ. कमोडोर ६४ हा संगणक १९८२ साली बाजारात आला. दिसावयास तो जाडजूड टंकलेखनयंत्राच्या कळफलकासारखा; पडदा म्हणून घरचाच दूरदर्शन संच जोडावयाचा. नावातील ६४ हा आकडा त्याच्या स्मृतीचा होय. चौसष्ट किलोबाईट म्हणजे सुमारे पासष्ट हजार रोमन अक्षरे. त्याच पिढीतील बीबीसी मायक्रो हा संगणक भारत सरकारच्या ‘क्लास’ योजनेतून १९८४-८५ साली आपल्या सुमारे अडीचशे शाळांत पोहोचला आणि कित्येक भारतीय मुलांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलेला संगणक तोच ठरला. त्या वेळी सामान्य भारतीय घराला इंटरनेट ही वस्तूच ठाऊक नव्हती. विदेश संचार निगमने ही सेवा सर्वांसाठी खुली केली ती १५ ऑगस्ट १९९५ रोजी.

मग असे यंत्र आज जाळ्यात शिरू शकते काय? शिरू शकते. अ‍ॅडम डंकेल्स या स्वीडिश अभियंत्याने २००३ साली ‘कॉन्टिकी’ नावाची प्रणाली प्रसिद्ध केली आणि तीत कमोडोरसाठी एक छोटा ब्राउझरही दिला. घरच्या वाय-फायला जोडता येईल असा लहानसा मोडेमही आता स्वस्तात मिळतो. तथापि दार गाठले, म्हणजे आत प्रवेश मिळाला असे नव्हे. दारात तीन अडसर आहेत.

पहिला अडसर वजनाचा. आजचे सर्वसाधारण वेबपान चित्रे व आज्ञावली धरून दोन मेगाबाईटहून जड असते. म्हणजे कमोडोरच्या साऱ्या स्मृतीच्या तीसपटीहून अधिक. दुसरा अडसर कुलपाचा. जाळ्यावरील बहुतेक मजकूर आता गूढलिपीत बंद होऊन प्रवास करतो. ते कुलूप उघडण्यासाठी करावे लागणारे गणित या मंदगती यंत्राला पेलत नाही. शिवाय कुलुपेही बदलत राहतात. २०२० साली प्रमुख ब्राउझरांनी जुन्या धाटणीची कुलुपे बाद केली आणि २०२१ मध्ये ती अधिकृतपणे कालबाह्य ठरली. तिसरा अडसर आपल्या लिपीचा. कमोडोरच्या पडद्यावर एका अक्षराला आठ ठिपके रुंद व आठ ठिपके उंच एवढीच जागा मिळते. त्यात वेलांटी, रफार आणि जोडाक्षर मावावे कोठे? संगणकात भारतीय लिप्या आणण्याचे मोठे काम १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने केले, आणि युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ सालची. १९८२ च्या यंत्राला देवनागरीची वार्ताही नव्हती.

या तिन्ही अडसरांवर हौशी मंडळींनी काढलेला तोडगा एकच आहे: मध्ये दुभाषी बसवावयाचा. एखादा आधुनिक लहान संगणक जाळ्यावरचे पान आणतो, कुलूप उघडतो, चित्रे व आज्ञावली बाजूला काढतो आणि उरलेला साधा मजकूर जुन्या यंत्राच्या पुढ्यात ठेवतो. बातमी वाचता येते, हवामान कळते, कोशातील नोंद पाहता येते. पडद्यावर ओळी पंचवीस, आणि एका ओळीत अक्षरे चाळीस. पण वाचणाऱ्याला तेवढी पुरतात.

आता येथून धारला जाऊ. कारण हाच दुभाषी तेथे माणसाच्या रूपाने बसला होता. जानेवारी २००० मध्ये धार जिल्ह्यात ‘ज्ञानदूत’ हा उपक्रम सुरू झाला. निम्म्याहून अधिक आदिवासी वस्तीचा हा जिल्हा. तेथे सुमारे वीस ठिकाणी ‘सूचनालये’ उघडण्यात आली. प्रत्येक सूचनालयाकडे आसपासची पंचवीस-तीस गावे सोपविली होती. तेथील संगणक साध्या दूरध्वनीच्या तारांवरून जिल्हा पंचायतीच्या कचेरीतील यंत्राशी बोलत. हे जाळे जिल्ह्यापुरते होते, पाने हिंदीत आणि हलकी होती. संगणकापुढे बसणाऱ्या स्थानिक तरुणाला ‘सूचक’ म्हणत. त्याला पगार नव्हता. गावकऱ्यांकडून मिळणाऱ्या शुल्कावर तो चरितार्थ चालवी आणि उत्पन्नाचा दहावा हिस्सा जिल्हा पंचायतीला देई. बाजारभाव कळण्यास पाच रुपये, तक्रार नोंदविण्यास दहा रुपये. आणि तक्रारीला सात दिवसांत उत्तर मिळावे असा नियम होता.

याचा उपयोग झाला काय? अभ्यासकांनी एक उदाहरण नोंदविले आहे. एका गावी बटाट्याला स्थानिक व्यापारी क्विंटलमागे तीनशे रुपये देऊ करीत होते. शेतकऱ्यांनी सूचनालयात जाऊन दूरच्या बाजारातील भाव पाहिला. तो चारशे निघाला, आणि माल तिकडे गेला. क्विंटलमागे शंभर रुपये ही पाच रुपयांच्या माहितीची किंमत. २००० सालीच या उपक्रमाला स्टॉकहोम चॅलेंज हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. परंतु पुढील पाहण्यांत दुसरी बाजूही पुढे आली. वीज वारंवार जाई, तारा तुटत, आणि अगदी गरीब माणूस सूचनालयाची पायरी क्वचितच चढे. सूचकाचे पोट शुल्कावर; शुल्क आटले की त्याचे दुकान बंद. दुभाषी असला तरी त्यालाही जगावे लागते, हा धडा धारने दिला.

दुभाष्याच्या ठायी आणखी एक धोका असतो. त्याच्या हातून जाणारे प्रत्येक अक्षर तो वाचू शकतो. म्हणून जुन्या संगणकाचे जाणकार सांगतात की, असा दुभाषी आपल्याच घरचा असावा, आणि परक्याच्या दुभाष्यामार्फत बँकेचा परवलीचा शब्द कधीही पाठवू नये. सूचकाच्या बाबतीतही प्रश्न हाच होता. आपल्या जमिनीचा उतारा आणि आपली तक्रार ज्याच्या डोळ्यांखालून जाते, त्याच्यावर विश्वास असल्याखेरीज खेडूत तेथे जाईल कसा?

आता पुन्हा देवासकडे वळू. तेथील थोरल्या पातीच्या दरबारी १९२१ साली काही महिने एक इंग्रज लेखक महाराजांचा खाजगी चिटणीस होता. त्याचे नाव ई. एम. फॉर्स्टर. एक भाषा ऐकून दुसऱ्या भाषेत लिहिणारा चिटणीस हाही दुभाषीच. त्याने देवासच्या आठवणी ‘द हिल ऑफ देवी’ या नावाने १९५३ साली छापल्या, हे अनेकांस ठाऊक असेल. परंतु देवास पाहण्यापूर्वीच, १९०९ साली, त्याने ‘द मशीन स्टॉप्स’ ही कथा प्रसिद्ध केली होती. तीत माणसे जमिनीखाली आपापल्या कोठडीत राहतात आणि एका महायंत्राच्या द्वारे एकमेकांशी बोलतात. यंत्राचा एकेक भाग जाणणारे लोक आहेत, पण संपूर्ण यंत्र कोणालाच कळत नाही. आणि एके दिवशी ते बंद पडते.

जुन्या घरगुती संगणकाचे मोल येथे ध्यानात येते. कमोडोरच्या संदर्भग्रंथात त्या यंत्राचा विद्युत-आराखडा छापलेला असे. चिकाटीचा विद्यार्थी ते यंत्र आदिअंत समजून घेऊ शके. आजच्या जाळ्याविषयी असे कोण म्हणू शकेल?

जुने संगणक चालविणे हा हौसेचा मामला आहे खरा. परंतु तोच अडसर उद्या निकडीचा होतो. नव्या कुलुपांनी १९८२ च्या यंत्राबरोबर २०१२-१३ पर्यंतचे कित्येक मोबाईलही बाहेर ठेवले आहेत, आणि ज्याला नवा मोबाईल परवडत नाही तोही त्यांबरोबर दाराबाहेर राहतो. मध्य प्रदेशाने २०१० साली लोकसेवा हमीचा कायदा केला आणि त्याची केंद्रे उघडली. तेथेही अर्जदार आणि यंत्र यांच्यामध्ये माणूस बसतोच. तो बसावा, सचोटीचा असावा, आणि त्याला पोटापुरते मिळावे. त्याबरोबरच सरकारी पाने लिहिणाऱ्यांनी एवढे पथ्य पाळावे की, दाखला, उतारा आणि बाजारभाव ही तीन पाने तरी जुन्यातल्या जुन्या मोबाईलवर आणि मंदातल्या मंद तारेवर उघडतील इतकी हलकी असावीत. धारच्या सूचनालयांनी हे २००० साली दूरध्वनीच्या साध्या तारेवर करून दाखविले होते.