दृश्यभाषेची मूलतत्त्वे : काठीची होळी आणि अजिंठ्याची भिंत

कलेला स्वतःची भाषा असते. बिंदू, रेषा, आकार, रंग आणि अवकाश ही तिची अक्षरे होत. लय, प्रमाण व पुनरावृत्ती हे तिचे व्याकरण होय. हे व्याकरण दुर्लक्षून इतिहास लिहिल्यास निष्कर्ष कसे भरकटतात, हे आम्ही दोन उदाहरणांनी पाहू.

नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यात, सातपुड्याच्या कुशीत काठी हे गाव आहे. पूर्वी हे एका मेहवासी संस्थानाचे ठाणे होते. म्हणून येथील होळीस 'राजवाडी होळी' म्हणतात. आदिवासी बांधव रात्रभर ढोलाच्या तालावर नाचतात आणि पहाटे होळी पेटते. नवस फेडणारे 'बुध्या' अंगावर पांढरे ठिपके व रेषा काढतात, मस्तकी मोरपिसांचा उंच टोप घालतात, कमरेला घुंगरू बांधतात. येथे देह हीच भिंत होय. सावळ्या त्वचेवर पांढरा ठिपका विरोधाने उठून दिसतो. ठिपक्यांच्या पुनरावृत्तीतून लय निर्माण होते. टोपाची उंची आकृतीला ऊर्ध्वगती देते. नर्तक हलला की ठिपकेही हलतात, आणि स्थिर चित्रास न साधणारी रेषा काळोखात उमटते.

'बुध्या' या शब्दाचे 'बुद्ध' या नामाशी ध्वनिसाम्य आहे. त्यावरून येथे प्राचीन बौद्ध परंपरेचा अवशेष पाहण्याचा मोह बौद्धविद्येच्या अभ्यासकास होणे स्वाभाविक आहे. परंतु ध्वनिसाम्य हा पुरावा नव्हे. पुरावा दृश्यभाषेत शोधावा लागतो.

त्यासाठी अजिंठ्याच्या 10 व्या लेण्याकडे वळू. इसवी सनापूर्वीच्या येथील चित्रांत राजा सपरिवार बोधिवृक्षाची पूजा करताना दिसतो. तथागतांची मानवी आकृती तेथे नाही. समूहाची गती वृक्षाच्या दिशेने वाहते, आणि जे रेखाटलेले नाही तेच चित्राचा केंद्रबिंदू ठरते. रिक्त अवकाश हेही या भाषेतील एक अक्षर आहे. त्याच लेण्याच्या स्तंभांवर मात्र कित्येक शतकांनंतरच्या चित्रकारांनी प्रभावलयांकित बुद्धमूर्ती रंगविल्या. धम्म तोच, लेणे तेच. दृश्यभाषा मात्र बदलली. तो बदल आपणांस कळतो, तो वृक्ष, वलय, मुद्रा व मांडणी यांच्या ठरलेल्या संकेतांवरून.

काठीच्या ठिपक्यांत यांपैकी एकही संकेत नाही. तेथे बिंदूचा अर्थ नवस, व्रत व नृत्य यांच्याशी बांधलेला आहे. बिंदू दोन्हीकडे असू शकतो. पण अक्षर समान असले म्हणून भाषा एक होत नाही. देवनागरीत मराठी लिहितात, तशीच हिंदीही लिहितात.

म्हणून बुध्यांना आपल्या परंपरेचे विस्मृत वारस ठरविण्यात त्यांचा गौरव नाही. उलट, त्यांनी स्वतः घडविलेली भाषा त्यांच्याकडून काढून घेतल्यासारखे ते होईल. बौद्ध कलेच्या इतिहासालाही अशा उसन्या पुराव्याची गरज नाही. जे जसे आहे ते तसे पाहणे, ही सम्यक् दृष्टीची शिकवण कलेच्या अभ्यासातही तितकीच लागू पडते, असे आमचे नम्र मत आहे.