गावची वर्दी

मालवणच्या किनाऱ्यावरील एखाद्या जुन्या गावात नवे वर्तमान प्रथम कोणास कळत असे, असे कोणी विचारले तर त्याचे प्रामाणिक उत्तर ‘देवास’ हेच आहे. लग्न ठरले की पहिला नारळ ग्रामदेवतेपुढे ठेवावयाचा, मुलगा नोकरीसाठी मुंबईस निघाला की त्याने देवळाच्या पायरीला हात लावूनच वेस ओलांडावयाची, पाऊस लांबला, गुरांवर रोग आला किंवा भाऊबंदकीत तंटा माजला की पाटलाच्या आधी रवळनाथाच्या, सातेरीच्या किंवा रामेश्वराच्या कानी ते घालावयाचे, हा क्रम इतका ठरून गेलेला होता की, सरकारी दफ्तर ज्याला वर्दी म्हणते ती येथे चावडीवर जाण्यापूर्वी राउळात पोहोचलेली असे.

ही वर्दी देण्याच्या रीतीचे नाव गाऱ्हाणे. देशावर गाऱ्हाणे म्हणजे तक्रार. दक्षिण कोकणात मात्र देवापुढे उभे राहून खड्या आवाजात केलेले निवेदन असा त्याचा अर्थ आहे. गावकर, घाडी किंवा गुरव हात जोडून ‘बा देवा म्हाराजा’ म्हणून आरंभ करतो, स्थळदेवतांची आणि वेशीवरच्या राखणदारांची नावे घेतो, मग ज्याच्यासाठी गाऱ्हाणे घालावयाचे त्याचे घर, त्याची अडचण आणि त्याने बोललेला नवस उलगडून सांगतो, आणि भोवतालची मंडळी प्रत्येक टप्प्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साक्ष देत जातात. देव सर्वज्ञ आहे, मग त्याला हे सर्व इतक्या मोठ्याने सांगण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न एखाद्या चिकित्सकाने केला तर त्याचे समाधान करणे कठीण नाही: ऐकणारे गाव असे. कोणाची सून आजारी आहे, कोणाचा मुलगा गिरणीत लागला, कोणाच्या कलमबागेवरून कोर्टात दावा पडला आहे, हे सगळे एका सकाळी, एका आवाजात, सर्वांसमक्ष जाहीर होई. आणि खोटे सांगावयाचे तर ते देवाच्या तोंडावर सांगावे लागे, हा त्यातला मोठा अडसर होता. आजच्या मनाला खटकेल इतके खाजगीपण त्यात हरवत असे, हेही कबूल केले पाहिजे.

सरकारची वार्ता मात्र दवंडीने येई. १८१२ साली कोल्हापूरकरांकडून मालवण आणि सावंतवाडीकरांकडून वेंगुर्ले इंग्रजांच्या हाती गेले. अंमल बदलला, मामलेदार कचेऱ्या आल्या, पण हुकूम रयतेपर्यंत नेण्याचे साधन मात्र पूर्वीचेच राहिले. सारा भरण्याची मुदत, देवी काढणाऱ्या डॉक्टरची फेरी, जप्त जमिनीचा लिलाव, गुरांच्या साथीबद्दलची ताकीद, असा कोणताही मजकूर असो, वाडीवाडीच्या तिठ्यावर वाद्य बडवून ‘ऐका हो ऐका’ अशी हाळी दिल्याखेरीज तो गावास कळला असे मानले जात नसे. हे काम बहुतेक ठिकाणी महार वतनदाराकडे असे, आणि मृत्यूची खबर घेऊन परगावी जाणेही त्याच्याच वाट्याला येई, मग रात्र असो की आषाढातला पाऊस. ज्याच्या मुखातून सारे गाव शहाणे होई त्याला देवळातल्या त्या गाऱ्हाण्याच्या वर्तुळात मात्र स्थान नसे, ही गोष्ट गावरहाटीचे गोडवे गाणारे लेखक सहसा सांगत नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते याच वेठीविरुद्ध. कनिष्ठ गावकामगारांची वतने कायद्याने नष्ट झाली ती पुढे तीस वर्षांनी, १९५८ च्या अधिनियमाने.

देवळातील आणि सरकारी अशा ह्या दोन अधिकृत वार्तांच्या मधली सर्व जागा गजालीने व्यापलेली होती. गजाल म्हणजे नुसती चहाडी नव्हे आणि नुसती गप्पाही नव्हे. विहिरीच्या काठावर, रापण ओढून झाल्यावर वाळूत, तिन्हीसांजेला खळ्यात बसून केलेले ते वर्तमानाचे कांडण होय. गजालीन घो खाल्लो, अशी म्हण मालवणी माणसानेच स्वतःवर रचली आहे. तीवरून गजालीची मोहिनी दिसते आणि तिच्याबद्दलची त्याची सावधगिरीही दिसते.

परंतु ह्या मुलखाच्या वर्तमानाचा खरा मालक समुद्र होता. रस्ते बिकट, घाट अवघड, तेव्हा मुंबईची खबर आगबोटीने यावयाची; देवगड, मालवण, वेंगुर्ले ह्या बंदरांबाहेर बोट नांगर टाकी आणि उतारू, टपालाच्या थैल्या, वाणसामान पडावातून किनाऱ्यास लागे. पडाव टेकण्यापूर्वीच किनाऱ्यावरून प्रश्नांचा भडिमार सुरू होई आणि उत्तरे पाण्यावरूनच परत येत. पावसाळा तोंडावर आला की ही वाहतूक थांबे, आणि मग समुद्रात नारळ पडेपर्यंत मुंबईचे टपाल घाटवाटांनी, रडतखडत यावयाचे. वर्तमानालाही हंगाम असतो, हे आंब्याच्या ह्या प्रदेशाइतके क्वचितच कोणी अनुभवले असेल. १८९६ साली मुंबईत प्लेग झाला आणि माणसे शहर सोडून गावोगाव पळू लागली, तेव्हा कोकणातील कित्येक गावांस साथीची वार्ता अशा परतलेल्या माणसांच्या रूपानेच मिळाली.

हिंदुस्थानात पोस्टकार्ड १८७९ साली पाव आण्यास मिळू लागले, आणि १८८० साली टपाल खात्याने मनीऑर्डर सुरू केली. ह्या दोन सनांनी दक्षिण कोकणाचे जेवढे रूपांतर केले तेवढे कित्येक लढायांनीही केले नसेल. घरटी एक माणूस गिरणीत किंवा गोदीत, आणि त्याच्या पगारावर गावची चूल, अशी व्यवस्था झाल्यावर टपालवाला हा नवा मानकरी ठरला. मनीऑर्डरीच्या पावतीवर निरोपासाठी सोडलेल्या बोटभर जागेत ‘म्हातारीस औषध आणणे, कौले शाकारून घेणे, शिमग्यास येतो’ असा संसाराचा सर्व कारभार दाटीवाटीने बसविला जाई, आणि घरात कोणास अक्षरओळख नसली तर तो टपालवाल्यानेच वाचून दाखवावयाचा. साहजिकच शेजारची चार घरेही तो ऐकत. कोपरा फाडलेले कार्ड आले तर वाचण्याचीही गरज नसे. तारेचा तर इतका धसका होता की, मजकूर इंग्रजी जाणणाऱ्याकडे नेण्यापूर्वीच घरात रडारड सुरू होई आणि पुष्कळदा तिकडे नातू झाल्याचे कळून ती ओशाळून थांबे. ही तार जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

मराठी वृत्तपत्राचे जनक बाळशास्त्री जांभेकर हे ह्याच मातीतले, आजच्या देवगड तालुक्यातील पोंभुर्ल्याचे. पण त्यांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले ते मुंबईत. किनाऱ्याला स्वतःचे छापील मुख मिळण्यास त्यानंतर बराच काळ जावा लागला. वेंगुर्ल्याचे ‘किरात’ १९२२ चे आणि सावंतवाडीचे ‘वैनतेय’ १९२४ चे. १९२० पासून शिरोड्यास शिक्षक असलेले वि. स. खांडेकर ‘वैनतेया’तून लिहीत असत, ही त्या पत्राच्या प्रतिष्ठेची खूण. अशा साप्ताहिकांतील अग्रलेख मोठ्या राजकारणाचे असत, आणि १९३० च्या मे महिन्यात शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला तेव्हा तर ते राजकारण वाचकाच्या दारातच येऊन उभे राहिले. परंतु अशा साप्ताहिकाचा वाचक आधी आतले पान उघडतो. कोणत्या गावची जत्रा कधी, दशावताराचा नाटकप्रयोग कोठे, कोणाची बदली, कोणाचे निधन, भाताचा भाव काय, ह्या चार-चार ओळींच्या मजकुरासाठीच मुंबईच्या चाळीतील गाळेकरी तो अंक टपालाने मागवून, घडी विरेपर्यंत हातोहात फिरवीत. मोठ्या दैनिकांच्या जिल्हा आवृत्त्या आल्यावर बातम्या वाढल्या, पानेही वाढली. पण गावाची नाडी त्या चार ओळींतच अधिक नीट लागत असे, असे माझे मत आहे.

देवाचा हक्क मात्र छापखान्याने घेतला नाही. आचऱ्याची गावपळण पाहा. साधारण चार वर्षांनी रामेश्वराचा कौल झाला की सारे गाव, गुरेढोरे, कोंबड्या, कुत्री यांसह, तीन दिवस आणि तीन रात्री शिवेबाहेर झोपड्या घालून राहते. त्यात हिंदूंबरोबर मुसलमान आणि ख्रिस्ती कुटुंबेही निघतात. चौथ्या दिवशी पुन्हा कौल लावावयाचा, आणि देवाने होकार दिला तरच घरी परतावयाचे. इतक्या मोठ्या स्थलांतराचा हुकूम कोणत्याही कचेरीतून सुटत नाही, आणि तरीही मागे कोणी राहात नाही.

मसुऱ्याच्या आंगणेवाडीत ह्या रीतीचे सर्वांत ठळक रूप दिसते. भराडी देवीची जत्रा पंचांगातील कोणत्याही तिथीस बांधलेली नाही. देवीचा हुकूम घेऊन रानडुकराची पारध व्हावयाची, पारध साधल्यावर कौल घेऊन दिवस ठरवावयाचा, आणि मग तो जगास कळवावयाचा. एकेकाळी हा दिवस माणसागणिक आणि कार्डागणिक मुंबईस पोहोचे, रजेचे अर्ज त्यानंतर पडत आणि एसटीच्या रांगा त्यानंतर लागत. कोकण रेल्वे १९९८ साली पुरी झाल्यावर आगगाडीच्या आरक्षणाची त्यात भर पडली. आता पारध झाल्याची वार्ता घटकेत लालबाग-परळच्या प्रत्येक खोलीत भ्रमणध्वनीवर येऊन थडकते. परंतु रेल्वेच्या जादा गाड्या असोत की मंत्र्यांचे दौरे असोत, पारधीच्या आधी कोणासही तारीख मिळत नाही.