कूलरच्या आवाजाखाली

नागपूर, मे महिन्यातला रविवार. तीन आठवड्यांपूर्वी मुलाच्या हट्टापायी कमी खर्चात मांडलेली दोन फुटी काचेची टाकी. वाळू-दगड सोडून साधारण ५० लिटर पाणी, चार गोल्डफिश, दहा-बारा गप्पी. पहाटे चारला काय झालं ते आधी ठाऊक असतं, तर आदल्या दिवसाचा प्रत्येक तास मी वेगळा जगले असते. म्हणून तासागणिक लिहिते आहे.

१७ तास आधी : सकाळी ११

पाणी गढूळलं होतं. स्पंज फिल्टर काढला आणि मोरीत नळाखाली पिळून पिळून लख्ख केला. दिवसातली सगळ्यात मोठी चूक हीच, आणि तेव्हा ती स्वच्छता वाटली.

स्पंज कचरा अडवतो ते त्याचं लहान काम. माशांच्या विष्ठेतून आणि गिलांतून अमोनिया सुटतो, तो विषारी. स्पंजच्या छिद्रांत वस्ती करणारे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट करतात, आणि नायट्रेट मासे बऱ्यापैकी सोसतात. ही वस्ती नव्या टाकीत बसायला चार ते सहा आठवडे लागतात. आमची तीन आठवड्यांची कोवळी वस्ती नळाच्या क्लोरीनखाली धुऊन गेली. स्पंज पिळायचा तो टाकीतलंच पाणी बादलीत काढून, त्यात. त्याला एक पैसा लागत नाही.

वाफेने उतरलेलं पाणीही मी भरलं, अगदी काठोकाठ.

१३ तास आधी : दुपारी ३

बाहेर ४५. टाकीत ३१.

गोल्डफिश मूळचा चीनचा, कार्प कुळातला, थंड पाण्यात सुखी. दुकानात स्वस्त आणि देखणा म्हणून तो घेतला. आपल्या गावचा उन्हाळा त्याला चालेल का, हे विचारलं नाही. टाकीवरची काच काढून टेबलफॅन लावला. हा उपाय मात्र खरा आहे. एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातं. विदर्भाच्या कोरड्या हवेत साधा पंखा पाणी दोन-तीन अंश सहज उतरवतो. माठ गार राहतो तो याच न्यायाने. कोकणातल्या दमट हवेत एवढा गुण येत नाही. पाच वाजता पाणी २९ वर होतं आणि मासे खेळत होते.

७ तास आधी : रात्री ९

उकाड्याने मुलाला झोप येईना. पंखा त्याच्या खाटेशी नेला. मांजर येतं म्हणून टाकीवर काच परत ठेवली. झोपण्याआधी त्याने माशांना चिमूटभर जास्त खाणं टाकलं, लाडाने. मी पाहिलं आणि काही बोलले नाही.

४ तास २० मिनिटं आधी : रात्री ११.४०

लाइन गेली. कूलर थांबला, हवेचा पंप थांबला, बुडबुडे थांबले.

"आई, मासे वर येऊन राहिले."

टॉर्चच्या उजेडात चारही गोल्डफिश तोंडं वर काढून उघडझाप करत होते. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३२ अंशांना जेमतेम सव्वासात. मावतो तेवढाही भरलेला नसतो, आणि ऊन पाण्यात माशाचं शरीर जास्त ऑक्सिजन मागतं. रात्री टाकीतली हिरवी झुडपंसुद्धा त्यातलाच ओढतात.

आम्ही काच काढली. तांब्याने पाणी उचलून वीतभर उंचावरून धार धरली, पुन्हा पुन्हा. पंप नसताना हाच पंप. वीस मिनिटांत मासे खाली गेले. मुलगा धार सोडायला तयार नव्हता, हात भरून आले तरी.

त्याच वेळी, आमच्या पाठीमागे अंधारात, दुसरंच काही चाललं होतं.

पंप स्टँडच्या खालच्या फळीवर होता, पाण्याच्या पातळीच्या खाली. पंपाचा दाब सुटला की हवेच्या नळीत पाणी उलटं चढतं. टाकी काठोकाठ असेल तर ते काठ ओलांडतं, आणि एकदा ओलांडलं की नळी आपोआप ओढत राहते. नळीत एक बोटभर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला की हे होत नाही. घेताना दुकानदार म्हणाला होता, "ताई, व्हॉल्व्ह देऊ का?" वीस रुपये वाचवले मी. निदान पंप टाकीपेक्षा उंच ठेवला असता, तर तो खर्चही नको होता.

३ तास १० मिनिटं आधी : रात्री १२.५०

लाइन आली. कूलर धडधडत सुरू झाला. काच परत ठेवली, आणि आम्ही पडलो.

डेझर्ट कूलरच्या आवाजात पंपाची बारीक गुणगुण ऐकू येत नाही. म्हणून ती नाही, हेही ऐकू आलं नाही. बुडबुड्यांकडे एकदा पाहिलं असतं तर पुरे होतं. पंपात पाणी शिरून तो बंद पडला होता, फळीवरून थेंब जमिनीवर पडत होते.

२ तास आधी : रात्री २

इथे मी झोपलेली होते. एवढंच ठाऊक आहे की स्पंज नुसता पाण्यात उभा होता, जास्तीचं खाणं तळाशी कुजत होतं, अमोनिया खाणारं कोणी उरलं नव्हतं. पाणी तापलं की अमोनियाचा विषारी भाग वाढतो. २५ वरून ३४ अंशांना तो जवळजवळ दुप्पट होतो.

पहाटे ४

पाणी प्यायला उठले तर पाय ओल्या फरशीवर पडला. आधी भिंतीवरचं बटण बंद केलं, मग दिवा लावला. टाकीतलं पाणी चार बोटं उतरलं होतं. तीन गोल्डफिश आडवे तरंगत होते. चौथ्याचे गिल हलत होते, तांब्याची धार धरून बसले, पण दहा मिनिटांत तेही थांबले.

गप्पी जिवंत होते. सगळे पृष्ठभागाला तोंड लावून, एका रांगेत. त्यांचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं असतं; हवेला भिडलेल्या पाण्याच्या पातळ थरात ऑक्सिजन सगळ्यात जास्त, तो ते पितात. डासांच्या अळ्या खाण्यासाठी हे मासे आपल्याकडे विहिरींत, गटारांत सोडतात, ते यामुळेच.

दीड तासानंतर : पहाटे ५.३०

मागच्या अंगणात रुंद तोंडाचा रांजण होता, दोन दिवस भरून ठेवलेल्या पाण्याचा. क्लोरीन उडून गेलेलं. गप्पी त्यात हलवले, रांजणाला ओलं गोणपाट गुंडाळलं. ते लगेच खाली जाऊन फिरू लागले.

मुलगा जागा झाला तेव्हा गोल्डफिश मी तुळशीजवळ पुरून आले होते. त्याने विचारलं नाही. तांब्या घेऊन रांजणापाशी गेला आणि उंचावरून हळूहळू धार धरू लागला. गप्पींना त्याची गरज नव्हती. मी त्याला थांबवलं नाही.