सबबींचा इतिहास

सबबींनाही इतिहास असतो बरं का मंडळी! १९८८ साली चंदीगडच्या एका पार्टीत पंजाबचे पोलीस महासंचालक के. पी. एस. गिल यांनी आयएएस अधिकारी रूपन देओल बजाज यांच्याशी लगट केली. तेव्हाची सबब होती 'बाब किरकोळ आहे'. उच्च न्यायालयाला ती पटलीसुद्धा! १९९५ मधे सर्वोच्च न्यायालयाने ती खोडली, आणि शिक्षा कायम व्हायला २००५ उजाडलं.

आता सबब डॉक्टरांच्या कागदावर येते. बीबीसीच्या 'मास्टरशेफ'वाल्या ग्रेग वॉलेसवरच्या ८३ पैकी ४५ तक्रारी २०२५ च्या चौकशीत खऱ्या ठरल्या, बहुतेक अश्लील बोलण्याच्या. त्याने पुढे केलं ऑटिझमचं निदान. ऑटिस्टिक लोकांच्या संस्था चिडल्या. चिडणारच की! अशा मुलांना नोकरी द्यायला मालक आधीच कचरतात, त्यात हे.

मनोरुग्णाला कायदा सूट देतो, नाही असं नाही. पत्नीच्या खुनाच्या खटल्यातून महाराष्ट्रातला एक पोलीस २००२ मधे सर्वोच्च न्यायालयात सुटला. पण त्याच्यावर घटनेच्या आधीपासून उपचार चालू होते. तक्रार आल्यावर शोधलेला आजार नव्हता तो.

असो. उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यात किंवा अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीत निदान-बिदान कोण करतो? तिथे 'त्याचा स्वभावच तसा' एवढं पुरतं. २०१३ च्या कायद्यात मात्र त्याचा स्वभाव नाही, तिला ते नकोसं होतं का, हे बघतात. दहापेक्षा कमी कामगार असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करायची, तीही तीन महिन्यांच्या आत.